बाटलीतला दाणा

काष्टी म्हटलं की नगर-पुण्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शनिवारचा जनावरांचा बाजार आणि दुसरा ऊस. दौंड-मनमाड लाईनवरचं हे श्रीगोंदा तालुक्यातलं गाव माझं. आजचा विषय मात्र बैलही नाही आणि ऊसही (तसा) नाही. आजचा विषय आहे प्रोटीनचे क्रिस्टल.

हसू नका. काष्टीचा आणि प्रोटीनच्या क्रिस्टलचा संबंध आहे, आणि तो आमच्या घरच्या फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी उभा असतो. आईच्या इन्शुलिनची बाटली.

ज्यांच्या घरी कुणी 'तीस-सत्तर'वालं इन्शुलिन घेतं त्यांनी ती बाटली एकदा निरखून बघा. नुसती ठेवली असेल तर वर पाण्यासारखं स्वच्छ आणि तळाला पांढरा थर. फिरवली की सगळं दुधासारखं. यातलं तीस टक्के म्हणजे विरघळलेलं इन्शुलिन, ते लगेच कामाला लागतं. उरलेलं सत्तर टक्के म्हणजे तो पांढरा भाग. ते आहेत इन्शुलिनचे क्रिस्टल. बारीक, काडीसारखे, सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर स्पष्ट दिसणारे. जे करायला शास्त्रज्ञांची अख्खी कारकीर्द जाते ते प्रोटीनचे क्रिस्टल आई रोज सकाळ-संध्याकाळ लाल टोपीच्या सिरिंजमधून पोटावर टोचून घेते.

हे सगळं वाचायची वेळ का आली ते सांगतो. मागच्या वर्षी आईची साखर काही केल्या ताळ्यावर येईना. कधी तीनशे, तर कधी पहाटे तीन वाजता घाम फुटून हातपाय थरथरायला लागलेले आणि मीटरवर ५४. अण्णांनी साखर पाण्यात कालवून पाजली तेव्हा कुठे ती सावरली. (ज्या माणसाने आयुष्यभर साखर कारखान्याच्या पॅनवर नोकरी केली त्याने मधुमेही बायकोला साखर पाजून वाचवायचं. असो.) डॉक्टर डोस वाढवायचे, मग पहाटेचा घाम. डोस कमी करायचे, मग तीनशे. आहार तोच, वेळ तीच. आईचं म्हणणं, "माझं काय चुकतंय तेच कळंना बाबा."

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. आपल्याला एकच विद्या येते, लॉग बघायचे. आईच्या डायरीतले तीन महिन्यांचे आकडे एक्सेलमधे टाकले. तारखेप्रमाणे ग्राफ काढला तर नुसता गोंधळ. जेवणाप्रमाणे लावला, तरी गोंधळच. मग सुचलं की बाटलीप्रमाणे लावून बघू. आपल्याकडे बाटली असते १० मिलीची आणि एका मिलीत ४० युनिट, म्हणजे एकूण ४००. आई सकाळी १८ आणि संध्याकाळी १० घेते, म्हणजे बाटली साधारण दोन आठवडे पुरते. बाटली उघडल्याची तारीख शून्य धरली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. नवी बाटली उघडली की पहिला आठवडा साखर चढलेली. बाटली संपत आली की साखर खाली. पहाटेचे दोन्ही प्रसंग बाटलीच्या शेवटच्या तीन दिवसांतले!

म्हणजे बग बाटलीत होता. पण काय होता?

तो सापडला अण्णांना. त्यांनी काय बघितलं ते कळायला आधी साखर कशी होते ते सांगावं लागेल.

पॅन म्हणजे मोठं बंद भांडं. त्यात हवेचा दाब कमी केलेला असतो, त्यामुळे उसाचा पाक साठ-पासष्ट डिग्रीलाच उकळतो आणि करपत नाही. पाणी उडत जातं, पाक दाट होत जातो. एक वेळ अशी येते की त्या पाण्यात मावते त्यापेक्षा जास्त साखर त्यात असते, पण ती अजून बाहेर पडलेली नसते. भरलेल्या एसटीत अजून चार माणसं लटकून आहेत तशी अवस्था. या अवस्थेला तीन मजले आहेत. खालच्या मजल्यावर आधीचा दाणा असेल तर तो वाढतो, पण नवा जन्मत नाही. मधल्या मजल्यावर जुन्या दाण्याच्या आसऱ्याने नवे व्हायला लागतात. वरच्या मजल्यावर गेलात की दाणे आपोआप, लाखांनी, कसेही फुटतात.

पॅनमनचं सगळं कसब खालच्या मजल्यावर राहण्यात. तो स्पिरीटमधे बारीक दळलेली साखर बियाणं म्हणून पॅनमधे सोडतो. आपण पेरतो तसंच. मग त्याच दाण्यांना पाक पाजत वाढवायचं. मधेच पट्टीने नमुना काढून काचेवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा सारखा आहे का बघायचं. पाक जास्त आटला तर नवा बारीक दाणा पडतो. तो पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत अडकतो आणि मोठ्या साखरेचीही वाट लावतो. मग पाणी मारून तो विरघळवायचा. अण्णांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, "दाणा करता येत नाही. त्याला होऊ द्यावं लागतं."

प्रोटीनचं शास्त्र अगदी हेच आहे. तेच तीन मजले, तेच बियाणं. फरक एवढाच की साखरेचा रेणू छोटा आणि कडक, विटेसारखा. एकावर एक रचा, भिंत झाली. प्रोटीन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची माळ, गुंडाळून गुंडाळून झालेली, वेडीवाकडी, मऊ. बटाट्यांची भिंत रचायची आहे असं समजा. दोन बटाटे एकमेकांना दोन-तीन ठिकाणी जेमतेम टेकणार आणि मधे पोकळ्या राहणार. त्या पोकळ्यांत पाणी. प्रोटीनचा क्रिस्टल साधारण निम्मा पाण्याचाच असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत एक गमतीदार परीक्षा आहे. थेंबात क्रिस्टल दिसला की सुईने हलकेच दाबायचं. 'कट्' आवाज आला तर ते मीठ, मेहनत वाया. लोण्यासारखा चुरा झाला तर प्रोटीन. अभिनंदन, आणि तो क्रिस्टल तुम्ही नुकताच मोडलात :)

वाढवायची रीतही बघण्यासारखी आहे. पॅन नाही, व्हॅक्यूम नाही. काचेच्या छोट्या चकतीवर एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, निम्मं प्रोटीनचं द्रावण, निम्मं क्षाराचं. पावसाचा साधा थेंब याच्या कितीतरी पट मोठा असतो. चकती उलटी करून एका छोट्या खळग्यावर ग्रीस लावून घट्ट बसवायची. खळग्यात तेच क्षाराचं द्रावण, पण दुप्पट तीव्र. थेंब वर लटकलेला. बंद जागेत थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खाली जातं आणि थेंब आटत जातो. अण्णा जे दोन-चार तासांत वाफेवर करायचे ते इथे आठवडाभर खोलीच्या तपमानाला आपोआप होतं. क्षार कुठला? बर्‍याचदा अमोनियम सल्फेट. हो, तेच, शेतात टाकायचं खत.

कुठल्या क्षारात, किती आम्लतेला, किती तपमानाला क्रिस्टल येईल हे आधी सांगता येत नाही. मग एकाच वेळी ९६ खळग्यांत ९६ वेगवेगळी मिश्रणं लावतात. शुद्ध ब्रूट फोर्स. बहुतेक थेंब स्वच्छ राहतात (तळमजल्याच्याही खाली), काहींत नुसता गाळ (वरचा मजला, लाखांनी फुटले). एखाद्यात चमकणारी कणी दिसते. मग ती चुरून तिचंच बियाणं दुसऱ्या थेंबात. हे बियाणं ओढायला काय वापरतात माहितीये? मांजराची मिशी. किंवा घोड्याच्या शेपटीचा केस. केसाच्या खवल्यांत चुरा अडकतो आणि नव्या थेंबातून ओढला की त्या रेघेवर दाणे धरतात. आमच्या शनिवारच्या बाजारातून एक्स-रे शास्त्राला कच्चा माल पुरवता येईल असं मी अण्णांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच या विषयावर खुर्चीत पुढे सरकून बसले.

हा खटाटोप कशासाठी, तर रेणूचा आकार कळावा म्हणून. एका रेणूवर एक्स-रे मारले तर काही हाती लागत नाही. अब्जावधी रेणू एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून उभे असतील तर सगळ्यांचं उत्तर मिळून ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या नक्षीवरून गणित करून एकेक अणूची जागा काढता येते.

पहिलं एन्झाईम क्रिस्टलमधे आणलं ते जेम्स समनर या अमेरिकन माणसाने, १९२६ साली. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता, आणि तो होता डावरा. केमिस्ट्री तुला जमणार नाही असं त्याला सांगितलं गेलं. त्याने आपल्या अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या बियांतून युरिएज काढायला घेतलं. (शेतात टाकलेला युरिया फोडणारं एन्झाईम ते हेच.) नऊ वर्षं लागली. एन्झाईम म्हणजे प्रोटीनच हे तेव्हा मोठमोठे लोक मानायला तयार नव्हते. समनरला नोबेल मिळालं १९४६ ला, म्हणजे वीस वर्षांनी.

त्याच १९२६ मधे जॉन एबल याने इन्शुलिनचे क्रिस्टल केले. पण इतरांना ते नीट जमेनात. 'माझ्या मशीनवर चालतंय' हा प्रकार तेव्हाही होता! १९३४ मधे कळलं की त्यात जस्त लागतं. एबलच्या इन्शुलिनमधे ते नकळत मिसळलेलं असणार. जस्ताच्या दोन अणूंभोवती इन्शुलिनचे सहा रेणू गोळा होतात आणि असे गठ्ठे रांगेने बसतात. १९३५ मधे डोरोथी हॉजकिन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञ बाईंनी इन्शुलिनच्या क्रिस्टलचा पहिला एक्स-रे फोटो काढला, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. त्या फोटोवरून अणूंच्या जागा कळायला उजाडलं १९६९. चौतीस वर्षं! मधल्या काळात त्यांनी पेनिसिलिनची रचना काढली, बी-१२ ची काढली, १९६४ चं नोबेल घेतलं, संधिवाताने बोटं वाकडी झाली, तरी इन्शुलिन सोडलं नाही. १९६९ च्या त्या शोधनिबंधावर एक नाव आहे एम. विजयन. केरळमधे जन्मलेला, बंगळुरात शिकलेला हा माणूस नंतर बंगळुरालाच परत आला आणि भारतात प्रोटीन क्रिस्टलचं शास्त्र रुजवलं. त्यांच्या गटाने १९९४ मधे कशाची रचना काढली? शेंगदाण्यातल्या एका प्रोटीनची. १९९६ मधे? फणसातल्या. २०२२ मधे ते गेले. आपल्या पेपरात किती रकाने आले असतील देव जाणे.

आता बाटलीकडे. क्रिस्टलने रचना कळते हे ठीक, पण औषधात क्रिस्टल कशाला? कारण साधं आहे. साखरेची पिठी जिभेवर लगेच विरघळते आणि खडीसाखर तोंडात घोळवत बसावी लागते. विरघळलेलं इन्शुलिन टोचलं की काही तासांत संपतं. सुरवातीच्या काळात लोकांना दिवसातून अनेकदा, रात्री उठूनसुद्धा टोचून घ्यावं लागायचं. डेन्मार्कच्या हागेडोर्नने १९३६ मधे माशाच्या शुक्रपेशींतलं प्रोटामिन नावाचं प्रोटीन इन्शुलिनमधे मिसळून त्याचा परिणाम लांबवला. १९४६ मधे त्याच्याच प्रयोगशाळेत त्याचे नीट क्रिस्टल जमले. तेच आजच्या बाटलीतलं गढूळ इन्शुलिन. कातडीखाली ते सावकाश विरघळत राहतं, पुढच्या जेवणापर्यंत आणि रात्रभर. १९५० च्या दशकात तर नुसत्या दाण्याच्या आकारावरून औषध बनवलं गेलं. बारीक, बिनआकाराचा दाणा असेल तर लवकर संपणारं, मोठा क्रिस्टल असेल तर दिवसभर पुरणारं. एस-३० आणि एम-३० साखर असते ना पोत्यावर लिहिलेली, तसंच.

आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे हे माणसाने शोधायच्या आधीपासून आपलं शरीर करतंय. स्वादुपिंडाच्या पेशी इन्शुलिन साठवून ठेवतात ते जस्ताबरोबर क्रिस्टल करूनच. जेवलात की ते बाहेर पडतं आणि विरघळतं. तुम्ही हे वाचताय तेव्हाही तुमच्या पोटात लाखो छोट्या पॅनवर दाणा धरतोय. आईच्या पॅन बंद पडल्यात, म्हणून बाटली.

तर अण्णा. मी त्यांना एक्सेलचा ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. "बाटली आण." बाटली ट्यूबलाईटसमोर धरली, पॅनचा नमुना धरायचे तशीच. मग आईला म्हणाले, "अगं, तू कशी भरती ते दाखव बरं." आईने बाटली अलगद उचलली, अलगद उलटी केली, सुई घातली, अठरापर्यंत ओढलं.

"फिरवत नाहीस?"

"अहो, हलवायची नाही म्हणून सांगितलंय ना दवाखान्यात. फेस येतो, औषध खराब होतं म्हणले."

अण्णा हसले. "दाणा तळाला बसलाय सगळा. तू वरचा पाक ओढतीयस."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच वेबसाईटवर इतकं नेमकं सापडलं नव्हतं. पॅनमधून माल निघाला की तो क्रिस्टलायझर नावाच्या टाकीत जातो. तिथे मोठे दांडे अगदी सावकाश फिरत असतात. थांबले तर दाणा तळाला बसतो, वर नुसता पाक राहतो, पुढे काहीच नीट होत नाही. जोरात फिरवले तर दाणा मोडतो. "हलवायचं नाही म्हणजे थांबवायचं नाही. ढवळायचं. सावकाश."

ग्राफचं कोडं सुटलं. नवीन बाटलीतून आई स्वच्छ भाग ओढत होती, म्हणजे क्रिस्टल कमी आणि रात्रीची साखर जास्त. दोन आठवड्यांनी बाटलीत पाणी थोडं आणि न वापरलेले क्रिस्टल भरपूर, म्हणजे त्याच अठरा युनिटमधे भलताच डोस आणि पहाटेचा घाम. हा फक्त आमच्याच घरचा प्रकार नाही. १९९९ मधे 'लॅन्सेट'मधे एक पाहणी आली होती. गढूळ इन्शुलिनचे पेन वापरणाऱ्यांपैकी नीट फिरवून घेणारा दहात जेमतेम एक निघाला. काही पेनमधे क्रिस्टल जवळजवळ नव्हतेच, तर काहींत असायला हवेत त्याच्या दुप्पट. दवाखान्यात सांगणाऱ्याचंही पूर्ण चुकलं नव्हतं. जोरात हलवलं की फेस येतो, हवेच्या बुडबुड्यांपाशी इन्शुलिनच्या गुठळ्या होतात आणि त्या परत विरघळत नाहीत. फक्त अर्धंच वाक्य आईपर्यंत पोचलं होतं.

डॉक्टरांना ग्राफ नेऊन दाखवला, त्यांनी डोस नव्याने बसवून दिला. तेव्हापासून पहाटेचा घाम नाही.

ऑफिसातले मित्र म्हणतात की आता एआय आलं, प्रोटीनचा आकार कॉम्प्युटर सांगतो, क्रिस्टल कशाला? खरं आहे, अल्फाफोल्डला २०२४ चं नोबेलही मिळालं. पण ते शिकलं कशावरून? १९७१ मधे प्रोटीनच्या रचनांची सार्वजनिक बँक उघडली तेव्हा त्यात सात रचना होत्या. २०२३ च्या सुरवातीला दोन लाखांवर गेल्या. त्यातल्या बहुतेक कुणीतरी थेंबाकडे आठवडेच्या आठवडे बघत बसून क्रिस्टलवरून काढलेल्या. पाषाणच्या एनसीएलमधल्या लोकांनी १९९९ मधे परदेशी सहकार्‍यांबरोबर पेनिसिलिन फोडणाऱ्या एका एन्झाईमची रचना दिली, तीही अशीच. आपण जिला डेटासेट म्हणतो ती खरं तर पिढ्यान् पिढ्यांची पेरणी आहे. आणि आकार कॉम्प्युटरने सांगितला तरी बाटलीतला दाणा शेवटी कुणाला तरी धरावाच लागतो.

आता कामाचं. घरी गढूळ इन्शुलिन असेल तर घ्यायच्या आधी बाटली किंवा पेन दोन तळव्यांमधे आडवं धरून दहा वेळा फिरवा, मग दहा वेळा सावकाश खाली-वर करा. सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं पाहिजे. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका. गोठलं की क्रिस्टल एकमेकांना चिकटतात आणि ते पुन्हा सुटे होत नाहीत. फिरवूनही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर ती बाटली टाकून द्या. गावाकडे लाईट जातेच, तेव्हा वापरातली बाटली माठाजवळ गार जागी ठेवली तरी चालते. आणि आधीपासून न फिरवता घेत असाल तर एकदम फिरवायला लागण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण तुमचा डोस त्या चुकीवर बसवलेला असू शकतो.

आणि हो, हे सगळं गढूळ इन्शुलिनबद्दल. जे मुळात पाण्यासारखं स्वच्छ असतं ते गढूळ दिसलं तर टोचू नका, फेकून द्या. तिथे नियम बरोब्बर उलटा आहे.